जुने वेतकाम : पारख आणि जपणूक

जुन्या कार्यालयाच्या गच्चीवर किंवा जुन्या घराच्या माळ्यावर एक दृश्य हमखास आढळते. खुर्चीची सागवानी चौकट भक्कम, हात वापराने गुळगुळीत झालेले, पाय ठाम. पण बैठकीच्या मध्यभागी वेताची जाळी फाटून भगदाड पडलेले. अशी खुर्ची प्रथम भिंतीकडे सरकते, मग गच्चीवर जाते आणि एखाद्या पावसाळ्यानंतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. कार्यालयातील असेल तर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा पडतो आणि तिचे रीतसर निर्लेखन होते. वास्तविक निरुपयोगी झालेली असते ती केवळ जाळी. खुर्ची विणणाऱ्या कारागिराने ती कधीतरी फाटणार हे प्रथमपासूनच गृहीत धरलेले असते. कंदिलाची वात संपली म्हणून कोणी कंदील टाकून देत नाही. खुर्चीच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडत आले.

या चुकीची सर्वांत मोठी किंमत चंडीगढ शहराने मोजली. ल कॉर्बुझिए यांचे चुलतबंधू आणि सहकारी प्येर जानरे १९५१ साली चंडीगढला आले आणि १९६५पर्यंत तेथेच राहिले. नव्या राजधानीची सचिवालये, न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये यांसाठी लागणाऱ्या खुर्च्या, बाके व मेजे त्यांनी आणि युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांनी आखली. सामग्री अगदी साधी होती : सागवान आणि वेत. इंग्रजी व्ही अक्षर उलटे ठेवल्यासारखे पाय आणि विणलेली पाठ-बैठक असलेली त्यांची कार्यालयीन खुर्ची स्थानिक सुतारांनी मोठ्या संख्येने घडवली. पुढे जाळ्या फाटल्या, नव्या तऱ्हेच्या खुर्च्या आल्या आणि हे सारे सामान भंगार म्हणून लिलावात निघू लागले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, त्याची डागडुजी केली, जाळ्या नव्याने विणून घेतल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील लिलावांत त्यांतील एकेका खुर्चीला लाखो रुपये मिळू लागले. अमेरिकी कलावती एमी सिगल यांनी ‘प्रॉव्हेनन्स’ (२०१३) या चित्रपटात हा प्रवास उलट्या क्रमाने, धनिकांच्या दिवाणखान्यांपासून चंडीगढच्या कार्यालयांपर्यंत, दाखवला आहे. गंमत अशी, की पुढे हा चित्रपटही लिलावात विकला गेला.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०११ साली या फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढला. शहरात शिल्लक राहिलेल्या बारा हजारांहून अधिक वस्तूंची वारसा म्हणून नोंदही झाली. परंतु तोवर बरेच काही गेले होते. एका फाटक्या जाळीकडे पाहण्याच्या दोन दृष्टींमधला हा फरक होता, आणि जुन्या वेतकामाचा संग्रह करू इच्छिणाऱ्याने सर्वप्रथम तोच समजून घ्यावा.

वेत, केन आणि विकर

दुकानांच्या पाट्यांवर ‘केन’, ‘रॅटन’ आणि ‘विकर’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. त्यांत भेद आहे आणि तो जाणल्यावाचून पारख करता येत नाही. रॅटन म्हणजे वेत. हा शब्द मलायी भाषेतील ‘रोतान’वरून आला. वेत ही ताडाच्या कुळातील काटेरी वेल आहे. काट्यांच्या आकड्यांनी ती मोठ्या वृक्षांवर चढते आणि काही जातींत तिची लांबी शंभर मीटरांहूनही अधिक भरते. जगात वेताच्या सुमारे सहाशे जाती आहेत. भारतात त्यांतील साठच्या आसपास आढळतात, त्या मुख्यतः ईशान्य भारत, पश्चिम घाट आणि अंदमान-निकोबार येथे. वेताची गल्लत पुष्कळदा बांबूशी केली जाते. बांबू आतून पोकळ, वेत मात्र भरीव; म्हणूनच वाफ देऊन तो वाटेल तसा वाकवता येतो.

वेताची चकचकीत साल सोलून तिच्या अरुंद पट्ट्या काढल्या, की ती ‘केन’ होते आणि खुर्चीची जाळी तिची विणतात. साल काढल्यावर उरणाऱ्या गाभ्याच्या गोल काड्या टोपल्या आणि भरीव विणीच्या खुर्च्यांसाठी वापरल्या जातात. जाड, अखंड वेतांची चौकट होते. विकर हे मात्र कोणत्याही वनस्पतीचे नाव नव्हे. ती विणण्याची पद्धत आहे. मग वीण वेताची असो, परदेशातील विलो झाडाच्या फोकांची असो किंवा कागदाची. उत्तर भारतातील मोढाही या न्यायाने विकरच ठरतो, पण तो वेताचा नसून बहुधा सरकंड्याचा असतो.

भारतीयांना वेताचे आसन नवे नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त हिमालय घरी आलेल्या सप्तर्षींना वेत्रासनावर बसवतो. युरोपात मात्र विणलेल्या जाळीची खुर्ची रुजली ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पूर्वेकडील व्यापारी जहाजांतून वेत येऊ लागल्यावर. ती हलकी आणि स्वस्त असल्याने लंडनमध्ये तिचा इतका बोलबाला झाला, की गादीकाम करणाऱ्यांनी तिच्याविरुद्ध पार्लमेंटकडे तक्रारी नेल्या. अमेरिकेत सायरस वेकफील्ड या किराणा व्यापाऱ्याला १८४४ साली बोस्टनच्या धक्क्यावर टाकून दिलेले वेताचे भारे दिसले. जहाजातील माल हलू नये म्हणून ते भरलेले असत. त्या टाकाऊ मालातून एक मोठा उद्योग उभा राहिला. व्हिएन्नात मिखाएल टोनेट यांनी १८५९ साली वाफेने वाकवलेल्या बीच लाकडाची, वेती बैठकीची ‘क्रमांक १४’ ही खुर्ची बाजारात आणली. तिचे सुटे भाग करून एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. १९३०पर्यंत अशा पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या होत्या. मुंबईतील इराणी हॉटेलांच्या काळ्या, गोलाकार पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. फक्त त्यांची बैठक पुष्कळदा प्लायवूडची असते.

आपल्याकडे या बैठकीचा प्रसार होण्यास हवामान कारण झाले. विजेचे पंखे येण्यापूर्वीच्या काळात पाठीला आणि मांड्यांना वारा लागू देणारे दुसरे आसन नव्हते. चहा-कॉफीच्या मळ्यांतील लांब हातांची आरामखुर्ची, रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या प्रतीक्षालयातील ऐसपैस बाके, गोव्यातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांतील शिसवी खुर्च्या, न्यायालये आणि बँका यांतील सागवानी खुर्च्या या साऱ्यांना जाळी असे ती याच कारणाने. एक गैरसोय मात्र होती. जाळीची भोके ही ढेकणांची लाडकी वसाहत. जुन्या चित्रपटगृहांतील प्रेक्षकांना तिचा जो अनुभव येई, त्याचे वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही.

खुर्ची उलटी करून पाहावी

जुनी खुर्ची विकत घेताना किंवा घरातलीच बाहेर काढताना पहिली गोष्ट करावी ती म्हणजे ती उलटी करणे. वरच्या बाजूला विक्रेत्याचे पॉलिश बोलते, खालच्या बाजूला खुर्ची.

प्रथम बैठकीची कड न्याहाळावी. चौकटीला ओळीने भोके पाडलेली असतील आणि त्यांतून पट्ट्या खाली उतरून गाठी मारलेल्या दिसत असतील, तर जाळी जागेवर हाताने विणलेली आहे. भोकांऐवजी चौकटीत सलग खाच असेल आणि तिच्यात जाळीची कड ठोकून वर वेताची काडी बसवली असेल, तर जाळी यंत्रावर विणलेल्या ताग्यातून कापून घातलेली आहे. दुसरा प्रकार कनिष्ठ असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या अनेक उत्तम खुर्च्या मुळातच तशा आहेत. संशय घ्यावा तो भोके असूनही ती बुजवून वर खाच पाडलेल्या चौकटीविषयी. तेथे कोणीतरी मेहनत वाचवण्यासाठी चौकट कमकुवत केलेली असते.

त्यानंतर पट्टी पाहावी. खऱ्या वेताची वरची बाजू चकचकीत व खालची खरबरीत असते आणि काही अंतराने पेराची खूण दिसते. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत आणि पेराचा मागमूस नाही, तर ते प्लास्टिक. भरीव विणीच्या परदेशी खुर्च्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. मार्शल लॉइड या अमेरिकी उद्योजकाने १९१७ साली पीळ दिलेल्या कागदाची वीण शोधून काढली. रंग दिल्यावर ती वेताच्या गाभ्यासारखीच भासते. उभ्या काड्यांत पोलादी तार असल्याने त्यांना लोहचुंबक चिकटतो. ही चाचणी क्षुल्लक वाटेल, पण वेताला पाणी मानवते आणि कागद पाण्याने फुगतो. पुढील सारी निगा या एका उत्तरावर अवलंबून आहे.

चौकट हलवून पाहावी. सांधे खिळखिळे असणे हा दोष गंभीर नाही. सरसाने जोडलेले जुने सांधे उकलून पुन्हा बसवता येतात. मात्र त्यांत नंतर ठोकलेले खिळे आणि लोखंडी पट्ट्या आढळल्या, तर किंमत करताना ते ध्यानात घ्यावे, कारण खिळ्याने लाकूड चिरते. टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे आणि खुर्ची आपटल्यावर खाली पडणारे पिठासारखे भुसकट ही भुंगेऱ्याची लक्षणे आहेत. छिद्रे जुनी असू शकतात. ताजे, फिकट पीठ मात्र कीड जिवंत असल्याचे सांगते. अशी वस्तू इतर सामानाजवळ क्षणभरही ठेवू नये.

शेवटी अक्षरे शोधावीत. सरकारी व संस्थांच्या खुर्च्यांवर विभागाची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक रंगाने लिहिण्याची प्रथा होती. चंडीगढच्या खुर्च्यांची ओळख पटवताना हेच क्रमांक उपयोगी पडतात आणि नकली खुर्च्या करणारेही तेच प्रथम रंगवतात. म्हणून नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवू नये. खुर्ची कोणत्या लिलावातून आली याची पावती मागावी. घरच्या खुर्चीवर असा क्रमांक असेल, तर पॉलिशवाल्याला तो घासून काढू देऊ नये. स्वच्छतेच्या उत्साहात पुसला गेलेला क्रमांक पुन्हा लिहिता येत नाही. लिहिला तर ती बनावट ठरते.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांची शिसवी खुर्ची परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे धाडण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला घेणे श्रेयस्कर. चंडीगढच्या खुर्च्या शंभर वर्षांच्या झालेल्या नाहीत. त्या या कायद्याच्या जाळीतून निसटल्या त्या याच भोकातून.

पाणी किती, तेल किती

वेत तुटतो तो बहुतांशी भाराने नव्हे, तर कोरडेपणाने. सालीतील ओलावा गेला, की ती ठिसूळ होते आणि मग लहान मुलाच्या गुडघ्यानेही तडकते. वातानुकूलित खोलीतील हवा, खिडकीतून येणारे थेट ऊन आणि हीटर ही याची कारणे. दिल्ली-लखनौकडील कोरड्या उन्हाळ्यात ज्या खुर्चीला तडे जातात, ती कोकणच्या किंवा केरळच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तेथे तिला भय असते ते बुरशीचे. पावसाळ्यात खुर्ची भिंतीला चिकटवून ठेवू नये, तिच्यावर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये; आच्छादन हवेच असेल तर सुती चादर घालावी. बुरशी धरलीच तर मऊ कुंचल्याने घराबाहेर झाडून, पिळलेल्या फडक्याने पुसून, सावलीत वाऱ्यावर वाळवावी.

सैल पडून झोळ आलेली, पण न तुटलेली बैठक घरच्या घरी ताठ करता येते. बैठकीच्या वरच्या चकचकीत सालीत पाणी मुरत नाही. खालची खरबरीत बाजू ते शोषते. म्हणून खुर्ची उलटी करून कोमट पाण्यात भिजवलेले फडके किंवा स्पंज जाळीला खालून अर्धा तास लावून ठेवावा. लाकडावर पाणी ओघळू देऊ नये, अन्यथा पॉलिशवर पांढरे डाग पडतात. नंतर रात्रभर, शक्य तर पूर्ण दिवस, खुर्ची तशीच ठेवावी आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर कोणीही बसू नये. वाळताना पट्ट्या आक्रसतात आणि जाळी ताणली जाते. एक-दोन पट्ट्याच तुटल्या असतील तर मात्र हा प्रयोग करू नये. ताण वाढून उरलेल्याही तुटतील.

धूळ हा दुसरा शत्रू. विणीच्या सांध्यांत साठलेली धूळ काचकागदासारखे काम करते. आठवड्यातून एकदा कोरड्या कुंचल्याने ती काढणे कोणत्याही पॉलिशपेक्षा अधिक मोलाचे आहे. साबणाच्या पाण्याचा वापर वर्षातून एखाद्याच वेळी व्हावा. जाळीवर गडद व्हार्निशचे थरावर थर चढवण्याची आपल्याकडील सवय तर सोडूनच द्यावी. व्हार्निशने छिद्रे बुजतात, वेताचा श्वास कोंडतो आणि पट्टी लवचीक राहत नाही. लाकडी चौकटीला चपड्याचे पारंपरिक पॉलिश किंवा बेलतेलाचा पातळ हात पुरतो. बेलतेल म्हणजे जवसाचे तयार तेल. त्याचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकल्यास ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. काम संपताच ते पाण्यात बुडवावे किंवा मोकळे पसरून वाळवावे.

रंग दिलेल्या जुन्या वस्तूंचा मोह टाळावा, निदान रंग खरवडण्याचा तरी. कॉस्टिकच्या द्रावणाने रंगाबरोबर वेताचे तंतूही विरघळतात. शिवाय जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासल्यास त्याची धूळ घरातील मुलांच्या पोटात जाते. कीड लागलेल्या वस्तूसाठी कीडनियंत्रण करणाऱ्या जाणकाराला बोलवावे आणि औषध न रंगवलेल्या, खालच्या बाजूने द्यावे. त्यानंतर काही महिने खुर्चीखाली काळा कागद अंथरून ठेवावा. त्यावर नवे पीठ पडले नाही, तर निश्चिंत व्हावे.

विणणारे हात

इतके करूनही जाळी एक दिवस फाटतेच. तेव्हा गाठावा लागतो तो कारागीर, आणि खरी अडचण तेथे सुरू होते.

साधारण बैठकीच्या चौकटीला सत्तर-ऐंशी भोके असतात. हाताची वीण सात टप्प्यांनी होते : उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या, पुन्हा उभ्या, मग आडव्या पट्ट्या खाली-वर गुंफणे, नंतर एक तिरपी ओळ, तिला छेदणारी दुसरी आणि अखेरीस भोके झाकणारी कडेची पट्टी. पट्टी आधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवतात. पेराची उंचवट असलेली बाजू बोटाने चाचपून पट्टी कोणत्या दिशेने ओढायची ते ठरते. उलट ओढली तर ती पेरावर अडते आणि तुटते. एका बैठकीला दहा-बारा तास सहज लागतात. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे असल्याने भारतातील अनेक अंधशाळांनी ते आपल्या शिक्षणक्रमात घेतले. सरकारी कार्यालयांत आणि रेल्वेत खुर्च्या विणण्याच्या कामावर दृष्टिहीन कारागिरांची नेमणूक होत असे. फोमच्या फिरत्या खुर्च्या आल्या तेव्हा ज्या असंख्य जाळ्या कायमच्या अदृश्य झाल्या, त्यांच्याबरोबर हा रोजगारही ओसरला. निर्लेखनाच्या नोंदीत खुर्चीचा उल्लेख राहिला, विणणाऱ्याचा राहिला नाही.

कच्च्या मालाचीही चणचण आहे. जाळीसाठी उत्तम समजला जाणारा वेत मुख्यतः इंडोनेशियातून येई. त्या देशाने २०१२च्या प्रारंभी कच्च्या वेताची निर्यात बंद केली. आसाम-त्रिपुरातील वेतही जंगलतोडीमुळे आणि अतितोडीमुळे पूर्वीइतका सुलभ नाही. त्यामुळे कारागीर प्लास्टिकची पट्टी सुचवतो. रोजच्या वापरातील साध्या खुर्चीला ती चालेलही. चौकट जुनी व चांगली असेल तर मात्र थांबून खरा वेत मिळवावा. खुर्चीचे मोल चौकटीत असते आणि योग्य वेताने, मूळ विणीप्रमाणे भरलेली नवी बैठक ते कमी करत नाही, हे लिलावांच्या बाजारानेही मान्य केले आहे.

काम देण्यापूर्वी फाटक्या जाळीची छायाचित्रे वरून व खालून घ्यावीत, पट्टीची रुंदी मोजावी आणि जुन्या जाळीचा एक तुकडा कापून कागदाच्या पाकिटात ठेवावा. कारागिराला शब्दांपेक्षा तो तुकडा अधिक सांगतो. मजुरी बैठकीवर न ठरवता भोकांवर ठरवण्याची रीत कारागिरांत आहे आणि ती दोघांच्याही सोयीची आहे. दृष्टिहीनांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांकडे चौकशी केल्यास विणकर मिळण्याची शक्यता बाजारापेक्षा अधिक.

खुर्ची परत आल्यावर नवी बैठक पिवळसर-पांढरी आणि जुनी पाठ मधासारखी तपकिरी दिसेल. हा रंगभेद खटकला, तरी डाय लावून तो लपवू नये. उजेडाने आणि वापराने बैठक काही वर्षांत पाठीच्या रंगाकडे झुकत जाते. ओल पुरती गेली की नाही हे बोटाच्या टिचकीने कळते. जाळी ढोलकीच्या पानासारखी वाजली, की खुर्ची बसण्यास तयार झाली. तिच्यावर बसावे, उंचावरचा दिवा बदलण्यासाठी उभे मात्र राहू नये.